प्रकाशाची लिपी

(सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. तेथील माती किंवा वायू कोणी मूठभरही आणलेला नाही. उलट अणू आपल्या अगदी जवळ आहेत, पण ते इतके लहान की डोळ्यांना दिसत नाहीत. तरीही सूर्य कशाचा बनला आहे आणि अणूच्या आत काय आहे, हे माणसाला कळले. ते कसे कळले, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)



तुम्हांला दोन लिप्या वाचता येतात. उर्दूचे पुस्तक उघडले की तुमची नजर उजवीकडून डावीकडे जाते आणि मराठीचे पुस्तक उघडले की ती डावीकडून उजवीकडे जाते. ज्याला लिपी येत नाही, त्याला कागदावर नुसत्या रेघोट्या दिसतात. ज्याला ती येते, त्याला त्याच रेघोट्यांत अर्थ सापडतो. प्रकाशाचीही अशीच एक लिपी आहे. ती माणसाच्या डोळ्यांसमोर हजारो वर्षे होती, पण ती वाचायला तो गेल्या दोनशे वर्षांत शिकला.

या लिपीचे पहिले अक्षर तुम्ही घरीच पाहिले असेल. गॅसवर डाळ शिजत असते. पातेल्यातले मिठाचे पाणी उतू जाते आणि निळ्या ज्योतीवर पडते. त्याच क्षणी ज्योत पिवळीधमक होते. हा पिवळा रंग डाळीचाही नाही आणि पाण्याचाही नाही. तो मिठातील सोडियमचा आहे. मीठ समुद्राचे असो की खाणीतले, मुंबईचे असो की मुलतानचे, ज्योत पिवळीच होणार. रस्त्यांवर अनेक वर्षे लावले जाणारे सोडियमचे दिवे पिवळा प्रकाश देतात, त्याचेही कारण हेच. आतषबाजीतला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा असतो आणि हिरवा रंग बेरियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपापल्या रंगाने बोलते.

पण नुसत्या डोळ्यांनी रंग ओळखणे पुरेसे नाही. लिथियमची ज्योत लाल असते आणि स्ट्रॉन्शियमचीही लालच. मग त्यांतला फरक कसा ओळखायचा? त्यासाठी प्रकाश उलगडून पाहावा लागतो.

प्रकाश उलगडण्याचे काम निसर्गात पावसाचे थेंब करतात. इंद्रधनुष्य म्हणजे उलगडलेला सूर्यप्रकाशच होय. सुमारे सातशे वर्षांपूर्वी इराणमधील विद्वान कमालुद्दीन अल-फारिसी यांनी काचेचा एक गोल पाण्याने भरला. तो जणू पावसाचा मोठा थेंबच झाला. त्या गोलात प्रकाशाचे किरण कसे वळतात, हे पाहून त्यांनी इंद्रधनुष्याचे कारण शोधले. त्यांच्याही आधी इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रकाश आणि दृष्टी यांचा सखोल विचार केला होता. पुढे १६६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आयझॅक न्यूटन यांनी खिडकीच्या छिद्रातून येणारा सूर्यकिरण काचेच्या लोलकातून जाऊ दिला. समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला. या पट्ट्याला वर्णपट म्हणतात.

न्यूटन यांना हा पट्टा सलग दिसला. त्यात एक मोठे रहस्य दडलेले होते. ते शोधले एका गरीब कारागिराने.

जर्मनीतील योसेफ फ्राउनहोफर हा मुलगा लहानपणीच पोरका झाला. म्युनिक शहरात आरसे बनवणाऱ्या एका मालकाकडे तो उमेदवारी करू लागला. मालक त्याला दिवसभर राबवून घेई आणि पुस्तके वाचू देत नसे. १८०१ साली ते राहते घर कोसळले. चौदा वर्षांचा योसेफ ढिगाऱ्याखाली सापडला. लोकांनी त्याला जिवंत बाहेर काढले, तेव्हा तेथील राज्यकर्ता स्वतः हजर होता. त्याने मुलाला बक्षीस म्हणून काही पैसे दिले. त्या पैशांचे योसेफने काय केले? त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उरलेल्या पैशांतून मालकाच्या बंधनातून स्वतःची सुटका करून घेतली. पुढे तो युरोपातील सर्वांत कुशल भिंगे बनवणारा कारागीर झाला.

१८१४ साली फ्राउनहोफर यांनी लोलकापुढे दुर्बीण ठेवून सूर्याचा वर्णपट बारकाईने पाहिला. रंगांच्या पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा होत्या. जणू कोणी रंगीत कापडावर काळ्या दोऱ्याचे उभे टाके घातले होते. त्यांनी पाचशेहून अधिक रेषांच्या जागा नोंदवल्या आणि ठळक रेषांना अक्षरांची नावे दिली. त्या रेषा का पडतात, हे मात्र त्यांना कळले नाही. अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लिपीची अक्षरे टिपून झाली होती, वाचणारा अजून यायचा होता.

त्या काळात अनेकांना वाटे की, काही गोष्टी माणसाला कधीच कळणार नाहीत. १८३५ साली ऑग्यूस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने उदाहरण दिले ते ताऱ्यांचे. तारे कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत, हे माणसाला कधीही समजणार नाही, असे त्याचे मत होते. त्याचे म्हणणे चुकीचे वाटत नव्हते. ज्याला हात लावता येत नाही, ज्याचा तुकडा परीक्षानळीत घालता येत नाही, त्याची तपासणी कशी करणार?

पंचवीस वर्षांच्या आतच याचे उत्तर मिळाले. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन हे रसायनशास्त्रज्ञ आणि गुस्टाव किरखोफ हे भौतिकशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. तरुणपणी प्रयोगशाळेतील स्फोटात बुन्सेन यांचा एक डोळा निकामी झाला होता, तरी त्यांनी प्रयोग सोडले नव्हते. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असलेला बुन्सेन बर्नर त्यांच्याच नावाचा आहे. त्याच्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. म्हणून त्यात धरलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ दिसतो. बुन्सेन हे रंग रंगीत काचांतून पाहत असत. किरखोफ यांनी सुचवले, 'काचांऐवजी लोलक वापरू या.' त्यातून वर्णपटदर्शक हे उपकरण तयार झाले.

त्यातून पाहताच एक विलक्षण गोष्ट दिसली. तापलेल्या वायूच्या प्रकाशात इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्याच तेजस्वी रेषा होत्या. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी जवळजवळ होत्या. लिथियमची लाल रेषा एका जागी, तर स्ट्रॉन्शियमच्या लाल रेषा दुसऱ्या जागी होत्या. कोणत्याही दोन मूलद्रव्यांच्या रेषा सारख्या नव्हत्या. माणसाच्या बोटांचे ठसे जसे एकमेकांशी जुळत नाहीत, तसेच हे होते.

या ठशांवरून त्यांनी नवी मूलद्रव्येही शोधली. १८६० साली एका झऱ्याच्या पाण्यातील क्षारांत त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. हे नवे मूलद्रव्य पाण्यात इतके थोडे होते की, चाळीस हजार लिटरहून अधिक पाणी वापरल्यावर त्याचे संयुग जेमतेम काही ग्रॅम हाती आले. आकाशी रंगाच्या लॅटिन शब्दावरून त्याला सीझियम हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी गडद लाल रेषांनी रुबिडियम सापडले.

आता सूर्याच्या काळ्या रेषांकडे वळू. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा जेथे पडतात, नेमक्या तेथेच सूर्याच्या वर्णपटात दोन काळ्या रेषा आहेत. किरखोफ यांनी १८५९ साली याचे कारण सांगितले. तापलेला वायू जो रंग बाहेर टाकतो, तोच रंग तो समोरून आलेल्या प्रकाशातून शोषूनही घेतो. सूर्याच्या आतल्या भागातून सर्व रंगांचा प्रकाश निघतो. तो बाहेरच्या, तुलनेने थंड वायूंमधून येताना सोडियमचे अणू आपला पिवळा रंग अडवतात. त्या जागी काळी रेषा उरते. याचा अर्थ, सूर्यावर सोडियम आहे! लोहाच्याही अनेक रेषा जुळल्या. जे कधीच कळणार नाही असे वाटत होते, ते हायडेलबर्गच्या एका खोलीत बसून कळले.

या लिपीचा पुढचा धडा आपल्या देशात वाचला गेला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. आंध्रमधील गुंटूर येथे पिएर जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ वर्णपटदर्शक घेऊन उभे होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील असे त्यांना वाटले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनीही ऑक्टोबर महिन्यात स्वतंत्रपणे हेच करून दाखवले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने भांडण लावले नाही. त्याने दोघांचे चेहरे कोरलेले एकच पदक काढले.

त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषांच्या जवळ होती, पण त्यांच्या जागी नव्हती. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकयर यांनी धाडसाने म्हटले की, हे नवे मूलद्रव्य आहे. 'हेलिओस' म्हणजे ग्रीक भाषेत सूर्य. त्यावरून त्याला हेलियम नाव पडले. अनेक शास्त्रज्ञांनी यावर विश्वास ठेवला नाही. केवळ एका रेषेवरून मूलद्रव्य कसे मानायचे? लॉकयर यांना सत्तावीस वर्षे वाट पाहावी लागली. १८९५ साली लंडनमध्ये विल्यम रॅमझी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून वायू मिळवला. तो नळीत भरून त्यातून वीज सोडली, तेव्हा नेमकी तीच पिवळी रेषा चमकली. सूर्यावर आधी सापडलेला वायू आपल्या पायाखालच्या दगडातही होता!

या गोष्टीचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी लॉकयर कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते. त्याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी जेऊर येथे उपकरणे लावली आणि सूर्याच्या कडेच्या वर्णपटाचा अभ्यास केला.

मित्रांनो, इथपर्यंत माणूस या लिपीतील नावे वाचायला शिकला होता. ही रेषा सोडियमची, ती हेलियमची, असे तो सांगू शकत होता. पण रेषा का पडतात? एकाच मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक जागीच का? अणूच्या आत असे काय आहे? हे कोडे अजून सुटले नव्हते.

कोडे सोडवायचे तर सर्वांत सोपे उदाहरण घ्यावे. सर्वांत साधा अणू हायड्रोजनचा. काचेच्या नळीत थोडासा हायड्रोजन ठेवून त्यातून वीज सोडली, तर तो गुलाबी रंगाने चमकतो. लोलकातून पाहिल्यास त्यात प्रामुख्याने चार रेषा दिसतात. एक लाल, एक हिरवट निळी आणि दोन जांभळ्या. स्वीडनचे शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी त्यांच्या तरंगलांबी अतिशय काटेकोरपणे मोजल्या होत्या. त्या अशा: ६५६.२, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.१ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.

या चार आकड्यांत काही नियम आहे का? मोठमोठ्या शास्त्रज्ञांना तो सापडला नाही. तो सापडला स्वित्झर्लंडमधील बासेल शहरातील मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या योहान बाल्मर या शिक्षकाला. १८८५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी हे कोडे सोडवले. त्यांची रीत तुम्हीही वहीत करून पाहू शकता. ३६४.५६ ही संख्या घ्या आणि तिला पुढील अपूर्णांकांनी गुणा:

३६४.५६ × ९/५ = ६५६.२
३६४.५६ × १६/१२ = ४८६.१
३६४.५६ × २५/२१ = ४३४.०
३६४.५६ × ३६/३२ = ४१०.१

आता अपूर्णांकांकडे नीट पाहा. वरच्या संख्या ९, १६, २५, ३६ या ३, ४, ५, ६ यांचे वर्ग आहेत. खालची प्रत्येक संख्या वरच्या संख्येपेक्षा ४ ने कमी आहे, आणि ४ हा २ चा वर्ग आहे. किती सुंदर नियम! बाल्मर यांनी याच रीतीने ७ ही संख्या घेऊन पाचव्या रेषेची जागा काढली. अशी रेषा खरोखर आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. ती ताऱ्यांच्या प्रकाशात आधीच दिसलेली आहे, असे त्यांना एका प्राध्यापकाने सांगितले. हिशेब बरोबर होता. मात्र असे का होते, हे बाल्मर यांनाही सांगता आले नाही.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षे गेली. दरम्यान इलेक्ट्रॉनचा शोध लागला होता. १९११ साली अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी दाखवले की, अणूच्या मध्यभागी अतिशय लहान व जड केंद्रक असते आणि इलेक्ट्रॉन त्याच्या बाहेर असतात. पण यात एक अडचण होती. त्या काळच्या नियमांप्रमाणे केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने सतत प्रकाश टाकत ऊर्जा गमावली पाहिजे आणि शेवटी केंद्रकावर कोसळले पाहिजे. तसे झाले असते तर हे पुस्तक, हे बाक, तुम्ही आणि मी, काहीच टिकले नसते. शिवाय सतत कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनने सर्व रंगांचा सलग पट्टा दिला असता, मोजक्या रेषा नव्हेत.

डेन्मार्कचे नील्स बोर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. एका मित्राने त्यांचे लक्ष बाल्मर यांच्या सूत्राकडे वेधले. ते पाहताच बोर यांना सारे स्पष्ट झाले. १९१३ साली त्यांनी आपला विचार मांडला. तो समजण्यासाठी एका जिन्याची कल्पना करा.

जिन्यावर तुम्ही पहिल्या पायरीवर उभे राहू शकता, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर उभे राहू शकता. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये, हवेत, उभे राहू शकत नाही. अणूतील इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे. त्याच्याजवळ वाटेल तेवढी ऊर्जा असू शकत नाही. ठरावीक पायऱ्यांएवढीच असू शकते. वायूतून वीज सोडली किंवा तो तापवला, की धक्के बसून इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तेथून तो खाली उतरतो, तेव्हा दोन पायऱ्यांमधील फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाशाची ऊर्जा पुडक्यांच्या रूपात असते, हा विचार माक्स प्लांक व आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आधीच मांडला होता. लाल प्रकाशाचे पुडके कमी ऊर्जेचे असते आणि जांभळ्याचे जास्त ऊर्जेचे.

आता हायड्रोजनच्या रेषा वाचा. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरला, तर लाल रेषा. चौथीवरून दुसरीवर उतरला, तर हिरवट निळी. पाचवीवरून किंवा सहावीवरून दुसरीवर आला, तर जांभळ्या रेषा. बाल्मर यांचे ३, ४, ५, ६ हे आकडे म्हणजे इलेक्ट्रॉन ज्या पायरीवरून निघाला तिचे क्रमांक होते आणि २ हा तो जेथे उतरला त्या पायरीचा क्रमांक होता! मुलींच्या शाळेतील त्या शिक्षकाने, नकळत, अणूतला जिना मोजला होता.

या जिन्याच्या पायऱ्या मात्र सारख्या उंचीच्या नाहीत. पहिली व दुसरी यांत सर्वांत जास्त अंतर असते आणि वर जाताना हे अंतर कमी कमी होत जाते. म्हणूनच पहिल्या पायरीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा प्रकाश जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. तिसऱ्या पायरीवर उतरणाऱ्याचा प्रकाश तांबड्याच्या अलीकडचा, तोही न दिसणारा असतो. लायमन आणि पाश्चेन या शास्त्रज्ञांनी अशा अदृश्य रेषा उपकरणांनी टिपल्या होत्या. त्याही याच जिन्यात अचूक बसल्या.

किरखोफ यांच्या काळ्या रेषांचेही कोडे सुटले. इलेक्ट्रॉन खाली उतरताना जेवढे पुडके देतो, वर चढताना त्याला नेमके तेवढेच पुडके घ्यावे लागते. म्हणून देण्याचा आणि घेण्याचा रंग एकच.

मग साध्या बल्बची तापलेली तार सर्व रंग का देते? बाजारात शेकडो लोक एकदम बोलू लागले, की नुसता गलका ऐकू येतो. एकच माणूस शांत जागी बोलला, तर त्याचा प्रत्येक शब्द कळतो. घन पदार्थात अणू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे त्यांच्या रेषा एकमेकींत मिसळून सलग पट्टा होतो. विरळ वायूत अणू दूरदूर असतात. तेथे प्रत्येक अणू आपली गोष्ट स्पष्ट सांगतो. अणूचे रहस्य वायूंनी सांगितले, ते यामुळेच.

विज्ञान बोर यांच्यापाशीही थांबले नाही. इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे वर्तुळात फिरतात, हे त्यांचे चित्र १९२५ नंतर बदलले. परंतु ऊर्जेच्या पायऱ्या खऱ्या ठरल्या आणि आजही मानल्या जातात. आपल्या देशाचे मेघनाद साहा यांनी १९२० साली दाखवले की, ताऱ्याचे तापमान बदलले की अणूंची अवस्था बदलते आणि त्यामुळे रेषाही बदलतात. या शोधामुळे ताऱ्यांच्या रेषांवरून त्यांचे तापमान जाणणे शक्य झाले.

आज पोलाद कारखान्यात धातूची शुद्धता तपासताना हीच लिपी वाचतात. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेले 'आदित्य-एल१' हे भारताचे यान सूर्याचा, त्यात त्याच्या वर्णपटरेषांचाही, अभ्यास करण्यासाठी पाठवले गेले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या संस्थेने तयार केली आहे.

मित्रांनो, या लिपीचे वाचक कोण होते ते आठवा. एक ढिगाऱ्यातून वाचलेला कारागीर, एका डोळ्याचा रसायनशास्त्रज्ञ, आकड्यांशी खेळणारा शाळामास्तर आणि सत्तावीस वर्षांचा तरुण. त्यांचे देश वेगळे, भाषा वेगळ्या. एकाने टिपले, दुसऱ्याने जुळवले, तिसऱ्याने मोजले, चौथ्याने अर्थ लावला. यांपैकी कोणीही एकटा हे करू शकला नसता. पुढच्या वेळी गॅसची ज्योत अचानक पिवळी झाली, तर क्षणभर थांबा. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन पायरी उतरून तुम्हांला काहीतरी सांगत आहे. आता ते तुम्हांला वाचता येते.

शब्दार्थ

लोलक – त्रिकोणी आकाराची काच (मन्शूर)
वर्णपट – रंगांचा पट्टा (तैफ)
मूलद्रव्य – मूळ पदार्थ (उन्सुर)
किरण – प्रकाशाची रेषा (शुआ)
ज्योत – लहान ज्वाला (शोला)
ऊर्जा – काम करण्याची शक्ती (तवानाई)
उमेदवारी करणे – मालकाच्या हाताखाली काम शिकणे
पोरका – आईवडील नसलेला (यतीम)
खग्रास – सूर्यबिंब पूर्ण झाकणारे (ग्रहण)
विरळ – दाट नसलेला
गलका – गोंगाट, आरडाओरडा (शोर)

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मिठाचे पाणी पडल्यावर ज्योत पिवळी का होते?
(२) बक्षिसाच्या पैशांचे फ्राउनहोफर यांनी काय केले?
(३) हेलियम हे नाव कोणत्या शब्दावरून पडले?
(४) बाल्मर कोणत्या शहरात शिकवत होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सूर्यावर सोडियम आहे, हे किरखोफ यांनी कसे ओळखले?
(२) हेलियमवर अनेक शास्त्रज्ञांनी आधी विश्वास का ठेवला नाही?
(३) तापलेली तार सलग पट्टा देते आणि विरळ वायू रेषा देतो. असे का?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
जिन्याचे उदाहरण देऊन हायड्रोजनच्या चार रेषा कशा निर्माण होतात ते समजावून सांगा.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(जिन्याची, ठशांसारख्या, सत्तावीस, गुंटूर)
(१) मूलद्रव्यांच्या रेषा बोटांच्या ........ असतात.
(२) जान्सेन यांनी ........ येथे ग्रहण पाहिले.
(३) लॉकयर यांना ........ वर्षे वाट पाहावी लागली.
(४) अणूतील ऊर्जा समजण्यासाठी ........ कल्पना करावी.

प्र. ५. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
उतू जाणे, राबवून घेणे, लक्ष वेधणे, कोडे सुटणे, वाट पाहणे.

प्र. ६. नजर, कागद, जिना, बाजार, हिशेब, कारागीर हे शब्द पाठात आले आहेत. ते उर्दूतही आहेत. ते उर्दूत लिहा आणि त्यांचे मराठी व उर्दू उच्चार ताडून पाहा. असे आणखी पाच शब्द शोधा.

प्र. ७. ३६४.५६ या संख्येला ४९/४५ ने गुणा आणि बाल्मर यांनी सांगितलेल्या पाचव्या रेषेची तरंगलांबी काढा.

उपक्रम

एखादी जुनी सीडी घ्या. आधी ट्यूबलाइटच्या व नंतर साध्या बल्बच्या प्रकाशात ती तिरकी धरा. तिच्यावर दिसणाऱ्या रंगांत काय फरक आहे, तो वहीत लिहा. सूर्याकडे मात्र थेट किंवा सीडीतून कधीही पाहू नका, त्यामुळे डोळ्यांना कायमची इजा होते.